लाल अंगठ्याचे अर्ज

पाकीट हातात घेतलं की आत काय असणार याचा अंदाज यायचा. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव सरळ लिहिलेलं नसायचं. पहिल्या नावापुढे आडवी रेघ, आडनावाआधी दोन टिंबं, शेवटी कॉपीराइटचं चिन्ह. झिप कोड चौकोनी कंसात कोंडलेला, कारण तो उघडा लिहिला की केंद्र सरकारचं राज्य आपण मान्य केलं असं होतं म्हणे. आत चाळीस, साठ, कधी शंभर पानं. पानाच्या कोपऱ्यात पोस्टाचं तिकीट, तिकिटावर तिरकी सही आणि सहीशेजारी लाल शाईतला अंगठा. आपल्याकडे अंगठा उठवतो तो सही न येणारा. इथे अंगठा उठवणाऱ्याचं अक्षर बहुतेक वेळा माझ्यापेक्षा सुबक असायचं.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाच्या कार्यालयात मी नऊ वर्षं कैद्यांचं टपाल उघडत होते. त्याआधी साताऱ्यात पाच वर्षं वकिली केली होती. लग्नानंतर इकडे येताना ती काळ्या कोटासकट पेटीत गेली. नोकरी सोडून दोन वर्षं झाली, म्हणून आता लिहायला हात मोकळा आहे. इथले कोर्टाचे कागद कुणालाही पाहता येतात, तरी माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत.

निमित्त मात्र तिकडून आलं. कॉलेजच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने डॅरेल ब्रूक्सच्या खटल्याची क्लिप टाकली. तो मित्र आता मुंबई हायकोर्टात वकिली करतो आणि रात्री झोप येईपर्यंत अमेरिकन कोर्टांचे व्हिडिओ बघतो. ब्रूक्स म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरात वॉकेशा गावातल्या ख्रिसमसच्या मिरवणुकीत गाडी घालून सहा जणांचा जीव घेणारा. आमच्या घरापासून ते गाव अर्ध्या तासावर आहे. पुढच्या ऑक्टोबरात खटला उभा राहिला तेव्हा त्याने सरकारने दिलेल्या बचावाच्या वकिलांना रजा दिली आणि स्वतःच बाजू मांडायला लागला. पुकारलं ते नाव माझं नाहीच, या कोर्टाला माझ्यावर अधिकार आला कुठून, हे रोज, दिवसातून वीसदा. न्यायाधीश जेनिफर डोरो यांनी ज्युरीसमोर हा विषय काढायला त्याला बंदी केली. गोंधळ वाढला की त्याला शेजारच्या कोर्टरूममध्ये बसवायच्या, तिथून तो पडद्यावर दिसायचा आणि आवाज बंद ठेवलेला असायचा. शेवटी ७६ च्या ७६ आरोपांत दोषी, आणि सहा जन्मठेपा एकापुढे एक.

मित्राने क्लिपखाली लिहिलं होतं, "बाईंची कमाल आहे. आपल्याकडे असता तर दहा वर्षं हेच चाललं असतं." पुढे दुसरा मेसेज, "आणि तुमच्याकडे तीनदा फालतू अर्ज केला की कैद्याला दार बंद, बरोबर ना गं? आपल्याकडे असं कधी येणार?" त्यावर अंगठ्यांची रांग. लाल नव्हे, पिवळ्या.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते ग्रुपवर मावेना.

आधी हे लाल अंगठेवाले आणि ब्रूक्ससारखे लोक म्हणतात काय ते सांगते. स्वतःला ते 'सॉव्हरिन सिटिझन' म्हणवतात, म्हणजे सार्वभौम नागरिक. आपल्या देवस्थानांच्या भाषेत 'स्वयंभू' म्हटलं तर जास्त नेमकं होईल. पाया एका खऱ्या घटनेचा आहे. १९३३ मध्ये, रूझवेल्टच्या काळात, अमेरिकेने कर्ज सोन्यात फेडण्याची हमी काढून घेतली. एवढं खरं. त्यावर चढवलेले मजले असे: त्या दिवशी देशाचं दिवाळं निघालं; सावकारांकडे गहाण ठेवायला काही उरलं नाही म्हणून सरकारने नागरिकच गहाण ठेवले; जन्मदाखला ही त्या गहाणखताची पावती. दाखल्यावर नाव सगळं मोठ्या लिपीत छापलेलं असतं, ते माणसाचं नाव नव्हेच. त्याच्या नावाने सरकारने उभ्या केलेल्या एका बुजगावण्याचं ते नाव. खटला बुजगावण्यावर चालला, शिक्षा बुजगावण्याला झाली, मग हाडामांसाचा मी आत का? शिवाय बुजगावण्याच्या नावे सरकारी तिजोरीत गुप्त खातं आहे, त्यातले लाखो डॉलर माझे. कोर्टातल्या झेंड्याला सोनेरी झालर असेल तर ते कोर्ट समुद्रावरच्या कायद्याचं, जमिनीवरच्या माणसाला ते लागू नाही. शेवटचा मुद्दा वाचून पहिल्या आठवड्यात मी आमच्या कोर्टरूममध्ये जाऊन झेंडा बघून आले होते. झालर होती.

याची वंशावळ बघितली की हसू मावळतं. १९७० च्या दशकात 'पॉसी कोमिटाटस' नावाची ज्यूद्वेष्टी, गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणारी चळवळ होती. तिच्या मते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरिफवर (तिथल्या पोलीसप्रमुखावर) दुसरी सत्ताच नव्हती. तिच्यातलाच रॉजर एल्विक नावाचा माणूस बुजगावण्याच्या आणि गुप्त खात्याच्या कल्पनेचा जनक मानला जातो, आणि तो स्वतः तुरुंगाची हवा खाऊन आला. माझ्या टेबलावर येणाऱ्या या धाटणीच्या अर्जांपैकी कितीतरी मात्र काळ्या कैद्यांचे असायचे, त्यावर मूरिश (उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांच्या) वंशाचा दावा, नावापुढे 'एल' किंवा 'बे' जोडलेलं. ज्या चळवळीने यांना माणसात धरलं नसतं तिचाच मंत्र यांच्या हातात. एकाने तो विकला, दुसऱ्याने नक्कल करून बराकीत फिरवला. बाहेर सेमिनार आहेत, शेकडो डॉलरचे फॉर्मचे संच आहेत. विकणाऱ्याचा एकही संच आजवर कुठल्या कोर्टात चाललेला नाही, पण विकत घेणारा आत असतो. तो पैसे परत मागायला येणार कसा?

कैदी फसतात ते मूर्ख असतात म्हणून, असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी एकदा पाहिलेलं असतं की काळा झगा घातलेलं कुणीतरी उंचावर बसून न कळणारी वाक्यं म्हणतं आणि त्या वाक्यांनी जिवंत माणूस वीस वर्षं भिंतीआड जातो. मग तशीच वाक्यं उलटी म्हटली तर दार उघडेल असं वाटण्यात नवल ते काय? साताऱ्यात माझ्याकडे निकालाच्या दिवशी फाइलवर अंगारा लावून आणणारे पक्षकार होते. मी तो पुसत नसे.

सगळेच अंगारे निरुपद्रवी नसतात, हेही सांगायला हवं. यांचं आवडतं हत्यार म्हणजे परस्पर बोजा चढवणं. कर्जासाठी तारण नोंदवायचा एक साधा व्यापारी फॉर्म आहे. भरून फी दिली की राज्याच्या कार्यालयात नोंद होते. खरंच कर्ज आहे का हे कुणी विचारत नाही. कैद्याने न्यायाधीशाच्या, सरकारी वकिलाच्या, जेलरच्या नावे दहा-वीस लाख डॉलर येणं दाखवून नोंद करायची. सातबाऱ्यावर कुणी तुमच्या नकळत बोजा टाकला तर तो उतरवायला किती चपला झिजतात ते आपल्याला ठाऊक आहे, इथेही झिजतात. ओक्लाहोमात एल रेनोच्या फेडरल तुरुंगातल्या काही कैद्यांनी स्वतःच्या नावांचे कॉपीराइट घेतले, परवानगीशिवाय नाव वापरल्याबद्दल वॉर्डनला भलीमोठी बिलं पाठवली आणि त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणायला बाहेर माणूसही नेमला. त्यांच्या शिक्षेत भर पडली. न्यायालयांच्या सुरक्षेचा २००७ चा जो कायदा आहे त्याने फेडरल न्यायाधीश-अधिकाऱ्यांवर असा खोटा बोजा टाकणं हा गुन्हा ठरवला, दहा वर्षांपर्यंत कैद. या कायद्याबद्दल माझं काहीएक भांडण नाही.

माझं भांडण दारापाशी सुरू होतं.

कैद्याचा कागद आला की काय होतं? फेडरल नियमावलीत पाचव्या नियमाचं एक छोटं पोटकलम आहे: कागद ठरल्या नमुन्यात नाही, एवढ्या कारणाने क्लार्कने तो नाकारायचा नाही. टॉयलेट पेपरवर लिहिलेला असो, रंगीत पेन्सिलीने असो, बुजगावण्याच्या वतीने असो, मला तारखेचा शिक्का मारून क्रमांक द्यावाच लागे. १९८८ च्या एका निकालाने तर कैद्याने कागद तुरुंगातल्या माणसाच्या हातात दिला तोच दाखल झाल्याचा क्षण धरला. पुढचं टपाल त्याच्या हातात नसतं ना. मग न्यायाधीशाने, प्रतिवादीला नोटीस काढण्याआधीच, तो अर्ज चाळून बघायचा. कैद्यांच्या अर्जांपैकी दहातले नऊहून जास्त वकिलाशिवाय आलेले असतात, म्हणून वाचताना वकिलाच्या मापाने मोजायचं नाही, सैल हाताने वाचायचं, हे सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगून ठेवलंय.

स्वयंभू अर्ज या चाळणीत एका मिनिटात खाली पडतो. आमचा भाग शिकागोच्या अपील कोर्टाखाली येतो. तिथे २०११ मध्ये बेनाबे नावाच्या खटल्यात न्यायाधीशांनी लिहिलं की कुणी स्वतःला सार्वभौम म्हणो, 'सुरक्षित सावकार' म्हणो की हाडामांसाचा माणूस, कोर्टाच्या अधिकाराबाहेर तो जात नाही. असले सिद्धांत कुठल्याही वेषात आले तरी थोडक्यात फेटाळावेत. हे वाक्य आमच्याकडे इतक्या आदेशांत उतरलंय की मला ते पाठ होतं. त्याआधी १९८४ मध्ये टॅक्स न भरणाऱ्या एकाच्या प्रकरणात न्यू ऑर्लिन्सच्या अपील कोर्टाने म्हटलं होतं की अशा मुद्द्यांना गंभीर चेहऱ्याने, दाखल्यांच्या राशी रचून उत्तर दिलं तर त्यांत काही तथ्य असावं असा समज होईल.

कॅनडाची तऱ्हा वेगळी. अल्बर्टामध्ये न्यायाधीश रूक यांनी २०१२ मध्ये एका घटस्फोटाच्या दाव्यात, मीड्स विरुद्ध मीड्समध्ये, सातशेहून अधिक परिच्छेदांचा निकाल लिहून या पंथाची कुंडलीच मांडली. विकणारे कोण, फॉर्म कसे, अंगठे का. तो निकाल परदेशातल्या कोर्टांनीही वापरला. मी तो दोन रविवार बसून वाचला आणि मजा आली, पण शंभर पानी अर्जाला दोन परिच्छेदांचा आदेश हीच पद्धत मला बरी वाटते. टिंगल नाही, प्रवचन नाही. आमच्याकडचे एक वयस्क न्यायाधीश आदेशात अर्जदाराचा उल्लेख नेहमी 'मिस्टर' लावून करायचे, अंगठेवाल्याचासुद्धा. आणि शेवटी एक ओळ: तुरुंगातल्या वागणुकीबद्दल काही तक्रार असेल तर सोबतचा फॉर्म भरावा.

इथवर मित्राचं म्हणणं मला मान्य आहे. दोन परिच्छेदांत उडवा. पण त्याला हवंय ते पुढचं, तीन चुकांनंतर दार बंद करणं. त्याची गोष्ट शेंगदाण्याच्या लोण्यापासून सांगावी लागते.

१९९५ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये कैद्यांच्या फालतू दाव्यांची यादी फिरत होती. त्यात सगळ्यात गाजलेला दावा असा, की कैद्याने कॅन्टीनमधून दाणेदार पीनट बटर मागवलं, मिळालं मऊ, म्हणून त्याने सरकारला कोर्टात खेचलं. सिनेटमध्येही त्याचा दाखला दिला गेला. बिल क्लिंटन यांच्या सहीने एप्रिल १९९६ मध्ये कैद्यांच्या दाव्यांना लगाम घालणारा कायदा आला. पुढे अपील कोर्टाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी तो मूळ दावा काढून वाचला. मामला लोण्याच्या पोताचा नव्हताच. कैद्याने चुकीची बरणी परत केली होती, दुसरी मिळायच्या आत त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं आणि बरणीचे अडीच डॉलर त्याच्या खात्यातून गेले ते गेलेच. अडीच डॉलर! आपण तेवढी टीप ठेवून उठतो. फेडरल तुरुंगात साध्या कामाची मजुरी ताशी १२ ते ४० सेंट आहे. त्या हिशेबाने ते अडीच डॉलर म्हणजे सहा ते एकवीस तासांचं काम.

कायदा काय सांगतो? दावा दाखल करायची फी ३५० डॉलर. गरीब असलात तरी माफ नाही, हप्ते पडतात: तुरुंगातल्या खात्यात महिन्याला जे जमा होईल त्याचे २० टक्के. दोन दावे असतील तर ४० टक्के, कारण २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हप्ते एकापाठोपाठ नाहीत, एकाच वेळी कापायचे. ताशी ४० सेंटनेही ३५० डॉलर म्हणजे ८७५ तास. आणि तीन दावे फालतू किंवा निराधार म्हणून फेटाळले गेले की हप्त्यांची सोयही संपते, सगळी फी आगाऊ टाका. बेसबॉलमधला शब्द घेतलाय, तीन स्ट्राइक. फटका हुकला की तंबूत. यातून सुटका एकच: शरीराला गंभीर इजेचा धोका अगदी तोंडावर आला असेल तर. गेल्या महिन्यात मार खाल्ला आणि हाड जुळून आलं असेल, तर धोका टळलेला असतो.

दाव्यांचे आकडे पडले, हे खरंय. फेडरल कोर्टात कैद्यांचे नागरी हक्कांचे दावे १९९५ मध्ये सुमारे ४० हजार होते, २००० मध्ये सुमारे २५ हजार. कैदी मात्र त्या काळात वाढत होते. याला यश म्हणायचं असेल तर म्हणा. पण स्वयंभू अर्ज त्याने थांबले नाहीत. माझ्या टेबलावर तरी नाहीत. ज्याला वाटतं की सरकारी तिजोरीत आपले लाखो डॉलर आहेत, तो ३५० ची पर्वा कशाला करील? पर्वा करतो तो दुसरा, ज्याची तक्रार खरी आहे आणि ज्याला महिन्याकाठी फोनवर मुलीशी बोलायला पैसे हवेत.

आता तो अर्ज, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. पासष्ट पानं. लाल अंगठे, तिकिटं, बुजगावणं, १९३३, झालर, सगळा साज. मी आणि माझी सहकारी अशा गठ्ठ्यांची पानं नुसती मोजून स्कॅन करायचो. ते काम वाचण्याचं नव्हतंच. एक्केचाळिसावं पान मशिनमध्ये अडकलं म्हणून हाताने काढलं आणि नजर पडली. कायद्याच्या भाषेच्या रानात मधेच चार ओळी साध्या इंग्रजीत, पेन्सिलीने: नव्या युनिटमध्ये आल्यापासून इन्सुलिन वेळेवर मिळत नाही, रात्रीचा डोस नऊ वेळा चुकला, दोनदा शुद्ध गेली, पायाच्या बोटाला जखम आहे. तारखा लिहिलेल्या. पुढच्या ओळीत पुन्हा बुजगावणं.

मी पान वर काढून ठेवू शकत नव्हते, तो माझा अधिकार नव्हता. चाळणीचं काम बघणाऱ्या तरुण वकिलाला मी फक्त म्हटलं, "एक्केचाळीस नीट वाच." तो म्हणाला की त्याने आधीच वाचलंय. खरं होतं का ते, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, कोण जाणे. आदेश आला तो तीन पानांचा: सार्वभौमत्वाचे सगळे मुद्दे फालतू म्हणून फेटाळले, त्यांना अर्धं पान. उरलेल्या अडीच पानांत इन्सुलिन. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षा ठरते, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये ठरवलंय, आणि तो खटलाही टेक्सासच्या एका कैद्याने हाताने लिहिलेल्या अर्जावरूनच उभा राहिला होता. या मुद्द्यापुरता दावा पुढे जाईल, तुरुंगाला नोटीस काढा. एक मुद्दा टिकल्यामुळे स्ट्राइकही लागला नाही.

तीन स्ट्राइक आधीच पडलेले असते तर? कायद्यात इजेच्या धोक्याची पळवाट आहे, मान्य. पण ती उघडायला कुणीतरी एक्केचाळिसाव्या पानापर्यंत पोचायला हवं.

हे बुजगावणं खरं नुकसान करतं ते वेगळ्याच जागी, आणि त्याबद्दल क्लिप बनत नाहीत. शिक्षेविरुद्ध फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कैदेतून सोडवा म्हणणारा, अर्ज करायला राज्याच्या कैद्याला १९९६ पासून एक वर्षाची मुदत आहे, साधारणतः राज्यातली अपिलं संपल्यापासून. अर्ज एकच. दुसरा करायचा तर अपील कोर्टाची परवानगी लागते, ती सहसा मिळत नाही. फी फक्त पाच डॉलर. या एकुलत्या एका अर्जात जेव्हा कुणी लिहितो की माझं नाव मोठ्या लिपीत असल्याने शिक्षा रद्द करा, तेव्हा तो दोन परिच्छेदांत जातो आणि त्याच्यासोबत ती एक संधी जाते. त्याचा वकील खटल्यात दारू पिऊन आला होता का, साक्षीदार फितवला होता का, हे कुणी विचारलंच नाही, कारण त्यानेच ते लिहिलं नाही. मला अशा दोन-तीन आदेशांवर शिक्का मारताना संचाच्या विक्रेत्याचा गळा धरावासा वाटलाय.

उलट दिशेचा कागदही याच देशातला. फ्लोरिडाच्या तुरुंगातून १९६२ मध्ये क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला: मी गरीब आहे, मला वकील मिळाला नाही. त्यावेळच्या कायद्याप्रमाणे त्याचं म्हणणं चूक होतं, त्याच्या गुन्ह्यात राज्याने वकील द्यावाच असं नव्हतं. चाळणारा घाईत असता तर 'निराधार' शिक्का सहज बसला असता. १९६३ मध्ये कोर्टाने कायदाच बदलला, आणि फेरखटल्यात वकील मिळाल्यावर गिडियन सुटला.

आता घरचं. फालतू याचिकांचा राग मी समजू शकते. २०२१ मध्ये जुही चावलाच्या ५जी विरोधी याचिकेला दिल्ली हायकोर्टाने २० लाखांचा दंड केला, तो पुढच्या वर्षी २ लाखांवर आला. ऑनलाइन सुनावणीत मधेच कुणी गाणी म्हणत होतं तेवढी आपल्या लक्षात राहिली. २०१७ मध्ये सुराज इंडिया ट्रस्टला ६४ निष्फळ याचिकांबद्दल सुप्रीम कोर्टाने २५ लाख दंड केला आणि जनहित याचिका करायला मज्जाव केला. महाराष्ट्रात तर १९७१ पासून त्रासदायक दावेबाजी रोखणारा कायदाच आहे. करा की दंड. पण या यादीत कैदी कुठे आहे? नाहीये. त्याचा कागद तिथवर येतच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशाच्या तुरुंगांतले ७५.८ टक्के कैदी कच्चे होते. चारातले तीन. साताऱ्यातल्या त्या पाच वर्षांत मोफत कायदा मदतीसाठी मी तुरुंगात जायची. तिथे मला कुणी सार्वभौमत्व सांगितलं नाही. विचारायचे ते एवढंच, "मॅडम, माझी तारीख कधीय?" एकाला आपल्यावर कलम कुठलं लागलंय हे आठ महिन्यांनी माझ्याकडून कळलं. होसकोट नावाच्या कैद्याच्या १९७८ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाला महाराष्ट्रालाच सांगावं लागलं होतं की शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत द्या. निकालाची प्रत! ज्याला ती मिळत नाही तो अर्ज लिहिणार कशाविरुद्ध?

आणि ज्या देशात पत्रालाही याचिका मानलं गेलं तो हाच. तिहारमधून सुनील बत्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेबियस कॉर्पस म्हणून चालवलं. शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांबद्दल लिहिलेल्या पत्रावर १९८३ मध्ये निकाल आला. तेव्हा कुणी फी मागितली नाही, नमुना विचारला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तर एक पाऊल पुढे जातं: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याचा कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत गेला की सुटकेसाठी कोर्टाला लिहायची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकाची. म्हणजे कायदा कैद्याच्या हातात पेन द्यायला निघालाय आणि माझा मित्र ते काढून घ्यायचा अमेरिकन उपाय शोधतोय.

"आपल्याकडेही आहेत गं असले," हा त्याचा पुढचा मुद्दा. आहेत. मथुरेच्या जवाहर बागेत दोन वर्षं तळ ठोकून निवडणुका बंद करा, नाणं बदला म्हणणारा जमाव होता. जून २०१६ मध्ये तो हटवताना दोन पोलीस अधिकाऱ्यांसह वीसहून अधिक माणसं मेली. पण त्याच दमात मित्राने झारखंडची पत्थलगडी घेतली, आणि तिथे मी त्याला थांबवलं. गावाच्या वेशीवर दगड उभारून त्यावर आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची कोरणं हे बुजगावण्याचं तंत्र नव्हे. दगडावरचे काही अर्थ ओढूनताणून काढलेले होते, पण पाचवी अनुसूची घटनेत खरोखर आहे. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तर कित्येक वर्षांपूर्वी म्हटलं, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." कानाला ऐकायला स्वयंभू अर्जासारखंच. त्याच गावाने वनहक्क कायद्याचे फॉर्म भरले, ठराव केले, सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क कागदावर मिळवला. नुसती पहिली ओळ वाचून कुणी फालतूचा शिक्का मारला असता तर?

मित्राचं यावर उत्तर आलं, "तू भावनिक होतेस." मग एक हसरा चेहरा. मग ब्रूक्सची आणखी एक क्लिप.

इन्सुलिनवाल्याचं पुढे काय झालं, हे ग्रुपवर दोघी-तिघींनी विचारलं. नोटिशीचा आदेश त्याला टपालाने गेला. तीन आठवड्यांनी त्याच्याकडून जाड पाकीट आलं. आत आमचाच आदेश होता, त्याच्या बाजूने लागलेला, तीन पानांचा. प्रत्येक पानावर तिरक्या अक्षरांत 'मूल्यापोटी स्वीकारले, हिशेब चुकता करण्यासाठी परत' असं लिहिलेलं, कोपऱ्यात तिकीट, शेजारी लाल अंगठा. सोबत न्यायाधीशांच्या नावे बिल, आणि त्याखाली पेन्सिलीने, की रात्रीचा डोस सोमवारपासून मिळतोय.

मी तारखेचा शिक्का मारला, पानं मोजली आणि दाखल करून घेतलं.